सिद्ध कोणी करायचं? अमेरिकेतल्या मतदान हक्क कायद्याचं भांडण

१५ ऑक्टोबर २०२५ रोजी अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयात एकाच खटल्याचा युक्तिवाद दुसऱ्यांदा झाला. मार्चमध्ये दोन्ही बाजू ऐकून झाल्या होत्या. जूनअखेर निकाल येईल असं सगळे धरून चालले होते. न्यायालयाने निकाल दिलाच नाही. पुन्हा या, म्हणून सांगितलं आणि येताना एका मोठ्या प्रश्नाचं उत्तर आणायला सांगितलं. लुइझियाना राज्याने कृष्णवर्णीय मतदारांचं बहुमत असलेला दुसरा मतदारसंघ मुद्दाम आखला, हे करणंच राज्यघटनेच्या विरुद्ध आहे का?

लुइझियानातली जवळपास एक तृतीयांश वस्ती कृष्णवर्णीयांची. काँग्रेसच्या, म्हणजे तिथल्या संसदेच्या, कनिष्ठ सभागृहात राज्याच्या वाट्याला सहा जागा. त्यातल्या एकाच जागेवर कृष्णवर्णीय मतदार बहुसंख्य होते. खालच्या न्यायालयांनी कान उपटल्यावर राज्याने २०२४ मध्ये तसा दुसरा मतदारसंघ आखला. लगेच स्वतःला 'आफ्रिकन-अमेरिकन नसलेले मतदार' म्हणवणारे काहीजण न्यायालयात गेले: हा नकाशा वंश पाहून काढलाय, तो रद्द करा. ज्या मतदान हक्क कायद्याचं पालन करायला नकाशा बदलला, तो कायदाच त्यामुळे आरोपीच्या पिंजऱ्यात उभा राहिला.

बातम्या वाचणाऱ्याला कोडं पडतं ते असं: मतदान केंद्राच्या दारात उभं राहून कृष्णवर्णीयांना आज कोणी हाकलत नाही. मग 'मतदानाचा हक्क धोक्यात' ही ओरड कशासाठी? माझ्या समजुतीप्रमाणे या भांडणाचं मूळ तीन रूक्ष प्रश्नांत आहे. अन्याय झाला हे सिद्ध कोणी करायचं, निवडणुकीआधी की नंतर, आणि नेमकं काय सिद्ध केलं म्हणजे पुरे. वकिली वाटतात हे प्रश्न. पण गेली साठ वर्षं सगळी ओढाताण याच तिघांवरून चालली आहे.

## हक्क घटनेत होता, मग वेगळा कायदा कशाला?

गुलामगिरी संपल्यावर १८७० मध्ये अमेरिकेच्या घटनेत पंधरावी दुरुस्ती आली. वंश किंवा रंग पाहून कोणाचाही मतदानाचा हक्क नाकारता येणार नाही, असं तिच्यात स्वच्छ लिहिलंय. पुढची पंचाण्णव वर्षं दक्षिणेतल्या राज्यांनी हे वाक्य न मोडता मोडून दाखवलं.

त्याची कृती सोपी होती. कायद्यात 'कृष्णवर्णीय' हा शब्दच आणायचा नाही. मतदार म्हणून नाव नोंदवायचं तर कर भरा. गरिबाला तो परवडू नये, एवढंच पाहायचं. नोंदणीआधी साक्षरता चाचणी द्या. घटनेतलं एखादं कलम वाचून त्याचा अर्थ सांगा, आणि अर्थ बरोबर की चूक हे नोंदणी अधिकारी ठरवणार. तो अधिकारी गोरा. मग निरक्षर गोऱ्यांचं काय? काही राज्यांनी त्यांच्यासाठी पळवाट ठेवली: ज्याच्या आजोबाला मत होतं, त्याला चाचणी माफ. आजोबा गुलाम असेल तर त्याला मत कुठून असणार! ही पळवाट सर्वोच्च न्यायालयाने १९१५ मध्ये बंद केली. राज्यांनी दुसरी काढली.

अलाबामातल्या डॅलस काउंटीत (काउंटी म्हणजे साधारण आपला जिल्हा) नोंदणीचं कार्यालय महिन्यातून दोनच दिवस उघडायचं. शेजारच्या लाउंड्स काउंटीत पाचांपैकी चार माणसं कृष्णवर्णीय, आणि १९६५ उजाडलं तेव्हा त्यांच्यातला एकही नोंदलेला मतदार नव्हता. याच राज्यात टस्कीगी नावाचं गाव आहे. तिथे शिकलेसवरलेले कृष्णवर्णीय बरेच, त्यामुळे चाचणीने काम भागेना. मग विधिमंडळाने गावाची हद्दच बदलली. चौकोनी गाव अठ्ठावीस बाजूंचं झालं, आणि चारशेच्या आसपास कृष्णवर्णीय मतदारांपैकी चार-पाच सोडून बाकी सगळे गावाबाहेर गेले. गोरा मतदार एकही गेला नाही. १९६० मध्ये न्यायालयाने ही हद्द अवैध ठरवली.

अडचण नेमकी इथे होती. एक युक्ती न्यायालयात पाडायला वर्षानुवर्षं जायची, आणि ती पडली की दुसऱ्या दिवशी नवी तयार. खटला भरणारा बहुतेक वेळा शेतमजूर किंवा शिक्षक. नोकरी जायची, घरावर दगड यायचे. समोर राज्याचा खजिना आणि राज्याचे वकील.

७ मार्च १९६५ ला सेल्मा गावातल्या पुलावर साधारण सहाशे माणसांच्या मोर्चावर पोलिसांनी लाठ्या आणि अश्रुधूर चालवला. मोर्चाचे पुढारी असलेल्या पंचविशीतल्या जॉन लुईस यांची कवटी फुटली. ती दृश्यं त्याच रात्री टीव्हीवरून घरोघरी गेली. राष्ट्राध्यक्ष लिंडन जॉन्सन यांनी ६ ऑगस्टला मतदान हक्क कायद्यावर सही केली.

## या कायद्यात नवं काय होतं?

साक्षरता चाचण्या बंद झाल्या, हे उघड. पण कायद्याचा खरा जीव दोन कलमांत होता. पुढचं सगळं समजण्यासाठी तेवढीच दोन पुरेत.

कलम ५ म्हणजे पूर्वमंजुरी. ज्या राज्यांचा इतिहास वाईट, त्यांनी निवडणुकीच्या नियमात कोणताही बदल करण्याआधी केंद्राच्या न्याय खात्याची किंवा वॉशिंग्टनच्या न्यायालयाची परवानगी घ्यायची. मतदान केंद्र हलवायचं असो की मतदारसंघाची सीमा, या बदलाने अल्पसंख्याकांचं नुकसान होणार नाही हे राज्याने दाखवून द्यायचं. इमारत बांधण्याआधी नकाशा पालिकेकडून पास करून घ्यावा लागतो, तसं. नाहीतर काय होतं ते आपल्याला सांगायला नको: इमारत उभी राहते, लोक राहायला येतात, आणि शेजारी दहा वर्षं न्यायालयाच्या पायऱ्या झिजवतो.

कोणती राज्यं या यादीत येणार, याचं सूत्र कलम ४ मध्ये होतं. १९६४ मध्ये चाचणीसारखी अट होती आणि निम्म्याहून कमी लोकांनी नोंदणी किंवा मतदान केलं होतं, ती राज्यं यादीत. अलाबामा, जॉर्जिया, मिसिसिपी, लुइझियाना, साउथ कॅरोलिना, व्हर्जिनिया सुरुवातीलाच आली. टेक्सस, ॲरिझोना, अलास्का पुढे १९७५ च्या सुधारणेने आली.

दुसरं कलम २. ते देशभर लागू, आणि त्याला मुदत नाही. वंशामुळे मताचा हक्क डावलला गेला तर नागरिकाने न्यायालयात जायचं. इथे सिद्ध करण्याचं ओझं तक्रारदारावर.

परिणाम झपाट्याने दिसला. मिसिसिपीत कृष्णवर्णीयांपैकी ६.७ टक्के लोकांचीच नोंदणी होती; १९६७ पर्यंत ती ५९.८ टक्क्यांवर गेली. दोन वर्षांत! पूर्वमंजुरीने काय अडवलं हे मात्र आकड्यांत सहज दिसत नाही, कारण अडवलेली गोष्ट घडतच नाही. एक उदाहरण नोंदीत आहे. २००१ मध्ये मिसिसिपीतल्या किलमायकल या छोट्या गावात पूर्वी कधी नव्हते एवढे कृष्णवर्णीय उमेदवार उभे राहिले, तेव्हा महापौराने आणि सगळ्या गोऱ्या नगरसेवकांनी निवडणूकच रद्द करून टाकली. कलम ५ होतं म्हणून न्याय खात्याने ती घ्यायला लावली. गावाला पहिला कृष्णवर्णीय महापौर मिळाला आणि तीन नगरसेवकही.

## 'आता काळ बदललाय' यात चूक काय?

पूर्णपणे चूक नाहीच. १९६५ च्या अलाबामाची तुलना आजच्या अलाबामाशी कोणी शहाणा माणूस करणार नाही. याच मुद्द्यावर अलाबामातल्या शेल्बी काउंटीचा खटला उभा राहिला. २५ जून २०१३ ला सर्वोच्च न्यायालयाने पाच विरुद्ध चार मतांनी कलम ४ चं सूत्र रद्द केलं. सरन्यायाधीश जॉन रॉबर्ट्स यांचं म्हणणं असं की चाळीस वर्षांपूर्वीच्या आकड्यांवरून आज काही राज्यांना वेगळं वागवणं बरोबर नाही. नोंदणी आणि मतदानातली दरी तिथे जवळपास बुजली आहे. तांत्रिकदृष्ट्या कलम ५ शाबूत राहिलं. पण परवानगी कोणी घ्यायची हे ठरवणारी यादीच गेल्यावर ते कलम म्हणजे कुलूप असून दार नसल्यासारखं झालं.

न्यायमूर्ती रूथ बेडर गिन्सबर्ग यांनी विरोधी मतात लिहिलं, की आपण भिजत नाही म्हणून भर पावसात छत्री फेकून देण्याचा हा प्रकार आहे. हे वाक्य आजवर इतक्यांदा उद्धृत झालंय की गुळगुळीत झालंय, पण त्याच विरोधी मतातला कमी गाजलेला आकडा मला जास्त बोलका वाटतो: १९८२ ते २००६ या काळात न्याय खात्याने सातशेहून अधिक बदल भेदभावाचे म्हणून अडवले होते. दरी बुजली ती अडवल्यामुळे की आपोआप, हा वाद त्यामुळे आकडेवारीने मिटत नाही.

निकाल लागला त्याच दिवशी टेक्ससने जाहीर केलं, की अडकून पडलेला ओळखपत्राचा कायदा आता लागू. नॉर्थ कॅरोलिनाच्या विधिमंडळाने आधी कोणत्या वंशाचे लोक कशा पद्धतीने मत देतात याची आकडेवारी मागवली, आणि मग कृष्णवर्णीय ज्या सोयी जास्त वापरत होते त्याच नेमक्या छाटल्या: आगाऊ मतदानाचे दिवस, त्याच दिवशी नोंदणी. तीन वर्षांनी, २०१६ मध्ये, अपील न्यायालयाने तो कायदा पाडताना म्हटलं की कृष्णवर्णीयांवर जवळपास शस्त्रक्रियेच्या अचूकतेने नेम धरला गेलाय. पण त्या तीन वर्षांत २०१४ ची निवडणूक होऊन गेली होती. तिचे निकाल कोण परत आणणार?

## ओळखपत्र मागितलं तर काय बिघडलं?

आपल्याला हा प्रश्न पडणं अगदी स्वाभाविक. आपल्याकडे मतदार ओळखपत्र दाखवल्याशिवाय किंवा त्याऐवजी चालणारं दुसरं काही पुढे केल्याशिवाय बोटाला शाई लागत नाही, आणि त्यात कोणाला काही वावगं वाटत नाही.

फरक व्यवस्थेत आहे. आपल्याकडे मतदार यादी करणं हे निवडणूक आयोगाचं काम. कर्मचारी घरी येतात, ओळखपत्र आयोगच देतो. अमेरिकेत सगळ्यांना मिळणारं राष्ट्रीय ओळखपत्र नाही, नोंदणी बहुतेक ठिकाणी नागरिकानेच करायची, आणि बहुतेकांचं ओळखपत्र म्हणजे गाडी चालवायचा परवाना. ज्याच्याकडे गाडी नाही त्याची पंचाईत. ओळखपत्र मागण्यात मूलतः घटनाबाह्य काही नाही, हे तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २००८ मध्ये इंडियानाच्या खटल्यात सांगितलं आहे. वाद होतो तो कोणतं चालेल आणि कोणतं नाही यावर. टेक्ससच्या कायद्यात बंदूक बाळगण्याचा परवाना चालत होता, विद्यापीठाचं ओळखपत्र नाही. चालेल असं ओळखपत्र नसलेले नोंदलेले मतदार सहा लाखांच्या घरात आहेत, असा निष्कर्ष २०१४ मध्ये तिथल्या न्यायालयाने काढला.

२०२१ मध्ये ॲरिझोनाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने अशा नियमांविरुद्ध कलम २ वापरणं आणखी अवघड केलं. मत देताना थोडी नेहमीची गैरसोय होणारच, तेवढ्याने कायदा मोडत नाही, असा सूर होता. यानंतर कलम २ ची धार मुख्यतः एकाच ठिकाणी उरली: मतदारसंघांच्या नकाशांत.

## सीमारेषेने मत कसं खाता येतं?

महाराष्ट्रात प्रभाग रचनेचा आराखडा जाहीर झाला की इच्छुकांची झोप का उडते, हे ज्याला माहीत आहे त्याला फार समजवावं लागणार नाही. तरी आकडे घेऊन पाहू.

एका गावात पाचशे मतदार. त्यातले दोनशे अल्पसंख्याक, तीनशे बहुसंख्याक. शंभर-शंभरचे पाच प्रभाग करायचे. दोन्ही गट एकमेकांच्या उमेदवाराला मत देत नाहीत असं धरा. आता प्रत्येक प्रभागात चाळीस-चाळीस अल्पसंख्याक वाटून टाकले तर ते पाचही ठिकाणी हरतात. पंचाण्णव जणांना एकाच प्रभागात कोंबलं आणि उरलेले चारांत पसरले, तर त्यांना एकच जागा मिळते. वस्ती जशी आहे तशी धरून दोन प्रभागांत पासष्ट-पासष्ट आले, तर दोन जागा. माणसं तीच, मतं तीच, प्रत्येकाला मतदानही करता आलं. पेन्सिलीने शून्य, एक किंवा दोन जागा दिल्या.

आणि अमेरिकेत ही पेन्सिल बहुतेक राज्यांत निवडून आलेल्या आमदारांच्याच हातात असते. आपल्याकडे लोकसभा-विधानसभेच्या सीमा ठरवायला निदान वेगळा आयोग असतो.

१९८० मध्ये सर्वोच्च न्यायालय म्हणालं होतं, की असा नकाशा पाडायचा तर आखणाऱ्यांचा हेतू वाईट होता हे सिद्ध करा. हेतू कोण लिहून ठेवतो? १९८२ मध्ये काँग्रेसने कलम २ बदललं: हेतू नको, परिणाम दाखवला तरी पुरे. त्या वेळी न्याय खात्यात नोकरी करणारा एक तरुण वकील या बदलाच्या विरोधात टिपणं लिहीत होता. त्याचं नाव जॉन रॉबर्ट्स. आजचे सरन्यायाधीश तेच.

१९८६ मध्ये न्यायालयाने कसोटी ठरवून दिली. अल्पसंख्याक एका सलग मतदारसंघात बहुमत होईल इतके आणि इतके जवळ राहतात का. ते साधारण एकजुटीने मत देतात का. आणि समोरचा बहुसंख्य गटही एकजुटीने मत देऊन त्यांचा उमेदवार नेहमी पाडतो का. तिन्हींना 'हो' आलं, तर पुढे इतिहास आणि परिस्थिती पाहून निर्णय. गोरे मतदार कृष्णवर्णीय उमेदवाराला सहज मत देत असतील तर तिसरी अट पुरी होत नाही आणि खटला तिथेच संपतो. म्हणजे भेदभाव ओसरेल तसं हे कलम आपोआप गप्प व्हावं, अशी त्याची रचना आहे. टीकाकार या गोष्टीचा उल्लेख फारसा करत नाहीत.

यानंतर १९९२ च्या निवडणुकीत अलाबामा, फ्लोरिडा, नॉर्थ कॅरोलिना, साउथ कॅरोलिना आणि व्हर्जिनियातून कृष्णवर्णीय प्रतिनिधी काँग्रेसमध्ये गेले. या राज्यांतून एकोणिसाव्या शतकानंतर प्रथमच.

## म्हणजे हे आपल्यासारखे राखीव मतदारसंघच ना?

नाही. आणि इथे बऱ्याच मराठी चर्चा घसरतात.

आपल्या राखीव मतदारसंघात उमेदवार कोणत्या समाजाचा हवा ते ठरलेलं असतं. मत मात्र सगळे देतात. २४ सप्टेंबर १९३२ च्या पुणे करारातून ही वाट निघाली. त्याआधी ब्रिटिशांनी दलितांना स्वतंत्र मतदारसंघ देऊ केले होते. करारात ते गेले आणि संयुक्त मतदारसंघात १४८ राखीव जागा आल्या. बाबासाहेब आंबेडकरांची पुढची तक्रार सर्वांना माहीत आहे: उमेदवार दलित असला तरी त्याला निवडून देणारे बहुसंख्य सवर्ण, मग तो कोणाचं ऐकणार?

अमेरिकेने दुसरं टोक पकडलं. तिथे उमेदवारावर अट नाही, सीमा अशी आखायची की अल्पसंख्याक मतदारांना आपल्या पसंतीचा माणूस निवडता यावा. तो कोणीही असू शकतो. टेनेसीतल्या मेम्फिसचा मतदारसंघ कृष्णवर्णीय बहुमताचा, आणि तिथून २००६ ते २०२४ या काळात दर वेळी स्टीव्ह कोहेन निवडून आले. ते गोरे ज्यू आहेत. शिवाय लोकसंख्येच्या प्रमाणात जागा मिळण्याचा हक्क या कलमाने मिळत नाही, हे १९८२ च्या मजकुरातच लिहून ठेवलंय. कोटा कोटा म्हणून ओरडणाऱ्यांनी तेवढी ओळ वाचायला हरकत नव्हती.

## वंश पाहून रेषा काढणं हाही वंशवादच नाही का?

हा सगळ्यांत अवघड आक्षेप, आणि तो झटकून टाकण्यासारखा नाही. घटना रंगांध हवी, सरकारने माणसाला त्याच्या कातडीवरून कोणत्या रकान्यात टाकावं हेच मुळात गैर, असं मानणारे प्रामाणिक लोक तिथे आहेत. न्यायमूर्ती क्लॅरन्स थॉमस स्वतः कृष्णवर्णीय आहेत, आणि हे मत ते तीसेक वर्षं ठामपणे मांडत आले आहेत. १९९३ मध्ये नॉर्थ कॅरोलिनात महामार्गाच्या कडेकडेने सापासारखा ताणलेला मतदारसंघ न्यायालयासमोर आला, तेव्हा न्यायालयाने बजावलं होतं की वंश हाच मुख्य निकष करून काढलेल्या रेषेला कठोर परीक्षा द्यावी लागेल.

म्हणजे राज्य दोन्हीकडून अडकतं. वंशाकडे दुर्लक्ष केलं तर कलम २ मोडतं, जास्त लक्ष दिलं तर घटना मोडते. लुइझियानाची गंमत अशी की दुसरा मतदारसंघ श्रीव्हपोर्टपासून बॅटन रूजपर्यंत तिरका ओढला गेला तो वंशापेक्षा राजकारणापायी. सभागृहाचे अध्यक्ष माइक जॉन्सन आणि बहुमताचे नेते स्टीव्ह स्कॅलिस यांच्या जागा वाचवायच्या होत्या. राज्यपालांचं ज्यांच्याशी जमत नव्हतं त्या त्यांच्याच रिपब्लिकन पक्षाच्या गॅरेट ग्रेव्ह्ज यांचा बळी द्यायचा होता. तो दिला गेला, आणि तिथून डेमोक्रॅट क्लिओ फील्ड्स निवडून आले. आधी राज्य स्वतःच या नकाशाचं समर्थन करत होतं. दुसऱ्या युक्तिवादाच्या आधी राज्याने बाजू बदलली आणि कलम २ विरुद्ध उभं राहिलं.

न्यायमूर्ती ब्रेट कॅव्हनॉ यांनी विचारलेला प्रश्न असा, की वंशावर आधारलेल्या उपायांना कधीतरी शेवट हवा की नको? प्रश्न रास्त. माझं उत्तर वर आलंच आहे: शेवट १९८६ च्या कसोटीतल्या तिसऱ्या अटीतच बांधलेला आहे. मतदानातली फूट मिटली की खटला उभाच राहत नाही. तारीख ठरवून कायदा संपवायचा आणि फूट मात्र तशीच, याला शेवट म्हणणं मला पटत नाही.

विशेष म्हणजे याच न्यायालयाने २०२३ मध्ये अलाबामाच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी कलम २ जसंच्या तसं राखलं होतं. तिथे २७ टक्के कृष्णवर्णीय, सात जागा, आणि बहुमताची जागा एक. निकालपत्र खुद्द रॉबर्ट्स यांचं, आणि कॅव्हनॉ त्यांच्यासोबत. त्यामुळे दोनच वर्षांत प्रश्न पुन्हा उघडला गेला याचं अनेकांना नवल वाटलं.

त्या खटल्याचं वेळापत्रकही पाहण्यासारखं आहे. जानेवारी २०२२ मध्ये तीन न्यायाधीशांच्या खंडपीठाने नकाशा बेकायदा ठरवला. फेब्रुवारीत सर्वोच्च न्यायालयाने, निवडणूक जवळ आली म्हणून, त्या आदेशाला स्थगिती दिली. नोव्हेंबरमध्ये त्याच नकाशावर निवडणूक झाली. जून २०२३ मध्ये ठरलं की खंडपीठाचं बरोबर होतं. पूर्वमंजुरी असती तर तो नकाशा वापरण्याआधी तपासला गेला असता.

## वंश नाही, पक्ष पाहिला म्हटलं तर?

ही आजची सर्वांत चतुर पळवाट. २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं, की पक्षाच्या फायद्यासाठी नकाशा वाकवणं लोकशाहीला शोभत नसेल, पण केंद्रीय न्यायालयं त्यात पडणार नाहीत. दक्षिणेत कृष्णवर्णीयांपैकी बहुतांश डेमोक्रॅटिक पक्षाला मत देतात. त्यामुळे 'आम्ही कृष्णवर्णीयांना हलवलं नाही, डेमोक्रॅटांना हलवलं' एवढं म्हटलं की सुटका. २०२४ मध्ये साउथ कॅरोलिनाच्या खटल्यात न्यायालयाने आणखी एक पाऊल टाकलं: विधिमंडळाचा हेतू चांगला होता असं धरून चालायचं, वंश आणि पक्ष वेगळे करून दाखवण्याचं काम तक्रारदाराचं.

या रोगाला एकाच पक्षाची लागण आहे असंही नाही. २०२५ च्या ऑगस्टमध्ये टेक्ससने दशकाच्या मध्येच नकाशा बदलून रिपब्लिकनांना पाच जागा वाढवायचा घाट घातला, तर ४ नोव्हेंबरला कॅलिफोर्नियाच्या मतदारांनी उलट दिशेचा नकाशा मंजूर केला.

## कलम २ दुबळं झालं तर कोणाला काय फरक पडेल?

काँग्रेसच्या जागांची चर्चा सगळे करतात. दक्षिणेतल्या काही कृष्णवर्णीय बहुमताच्या जागा फोडता येतील, आणि काठावरच्या सभागृहात त्यावर बहुमत फिरू शकतं. लुइझियानाच्या विधिमंडळाने तर २०२५ च्या ऑक्टोबरअखेर आपल्या २०२६ च्या प्राथमिक (पक्षाचा उमेदवार ठरवणाऱ्या) निवडणुका एप्रिलवरून मेवर ढकलल्या, निकाल लवकर आला तर नकाशा बदलायला सवड हवी म्हणून.

पण कलम २ चा जास्त वापर खाली होतो: शाळा मंडळं, काउंटी, नगरपालिका. शाळेत शिक्षक कोण, रस्ता कोणत्या वस्तीत आधी होणार, हे तिथे ठरतं, आणि तिथे टीव्हीचे कॅमेरे पोचत नाहीत.

शिवाय खटला भरायचाच कोणी, हाही प्रश्न उघडलाय. आजवर बहुतेक खटले नागरिकांनी आणि संघटनांनी भरले. २०२३ मध्ये आर्कान्साच्या खटल्यात तिथल्या अपील न्यायालयाने म्हटलं, की कलम २ खाली फक्त न्याय खातंच खटला भरू शकतं. ते लागू होतं सात राज्यांत. म्हणजे तिथे तुमच्यावर अन्याय झाला की नाही, हे वॉशिंग्टनमध्ये ज्याचं सरकार त्याच्या मर्जीवर. काही राज्यांनी स्वतःचे मतदान हक्क कायदे केले आहेत, कॅलिफोर्निया आणि न्यूयॉर्क त्यांत आहेत. मिसिसिपी नाही.

## आपल्या लोकांचा यात काही संबंध?

आहे, थोडा. १९७५ मध्ये या कायद्यात भाषेची तरतूद आली. एखाद्या काउंटीत एका भाषिक गटाचे, इंग्रजी बेताची असलेले मतदार दहा हजारांवर किंवा पाच टक्क्यांवर गेले, आणि त्यांच्यातलं निरक्षरतेचं प्रमाण देशाच्या सरासरीपेक्षा जास्त असलं, तर त्यांच्या भाषेत मतपत्रिका आणि मदत द्यावी लागते. न्यूयॉर्कच्या क्वीन्समध्ये बंगाली आणि शिकागोच्या कुक काउंटीत हिंदी मतपत्रिका याच तरतुदीतून आल्या. मराठी त्यात नाही. तिथले आपले लोक बहुतेक इंग्रजीत शिकलेले. पण निवृत्तीनंतर मुलांकडे जाऊन नागरिक झालेल्या आई-बाबांना हिंदी कागदाचा आधार वाटतो, आणि तो कागद सेल्माच्या पुलावरून आलेला आहे हे बहुतेकांना ठाऊक नसतं.

ही तरतूद मुदतीची आहे. २०३२ मध्ये ती संपते, आणि पुढे न्यायची तर काँग्रेसने मतदान करायला हवं. २००६ मध्ये हीच तरतूद आणि पूर्वमंजुरी पंचवीस वर्षांसाठी वाढवली गेली, तेव्हा सीनेटमध्ये, म्हणजे वरिष्ठ सभागृहात, ९८ विरुद्ध शून्य मतं पडली होती आणि सही रिपब्लिकन जॉर्ज बुश यांची होती. शेल्बीनंतर गेलेली यादी नव्या सूत्राने परत आणण्यासाठी जॉन लुईस यांच्या नावाचं विधेयक नोव्हेंबर २०२१ मध्ये सीनेटपुढे आलं. ते चर्चेला घ्यावं म्हणून मत देणारा रिपब्लिकन सदस्य पन्नासांत एकच निघाला: अलास्काच्या लिसा मुर्कोवस्की. विधेयक तिथेच अडलं.